तीनदा नको

मनामात आमच्या वरच्या मजल्यावर मंदाना राहायची.
शाळेच्या हजेरीत मँडी,
माझ्या आईच्या तोंडी सरळ मंदा,
जणू रेवदंड्याहून सुट्टीला आलेली कुणाची तरी भाची.
तिन्ही हाकांना ओ द्यायची.
मान वळायला लागणारा वेळ तेवढा वेगळा.

बाप बुशहरचा, फरामर्झ. जहाजांची इंजिनं खोलायचा,
नखांत ग्रीस, खिशात पिस्ते.
आई लोरेन, नेब्रास्काची.
तिच्या गावाहून कुठल्याही दिशेने निघा,
समुद्र यायला दोन दिवस लागतात, असं सांगायची.
इथे तो खिडकीत होता, तर पडदा ओढून घ्यायची.
फार चकाकतो, म्हणे.

फरामर्झकाका आमच्याकडे आले
की आई पोह्यांची बशी पुढे करी.
नको, छातीवर हात ठेवून.
नको, नको, आत्ताच जेवलो.
नको वहिनी, तुमच्या हातांना त्रास.
चौथ्यांदा दोन बश्या संपवत.

लोरेनबाई पहिल्याच नकोला
बशी उचलून फ्रिजमध्ये ठेवत.
माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही,
त्याच्या शब्दाचा मान राखायचा.

जिन्यात एकदा मंदा मला म्हणाली,
बाबांच्या घरात माझं नको कुणी ऐकत नाही.
ममाच्या घरात ऐकतात, आणि मी उपाशी झोपते.
घर तर एकच होतं त्यांचं. तीन खोल्यांचं.

मार्चमध्ये टेबलावर लसूण, सफरचंद, व्हिनेगर,
ताटलीत उगवलेले हिरवेगार गहू,
आणि काचेच्या भांड्यात लाल मासा.
माशाचं नाव हॉवर्ड,
नेब्रास्काच्या आजोबांवरून.
तेराव्या दिवशी गहू खाडीत सोडायचे असत.
हॉवर्डला सोडू दिलं नाही तिने.
तो गोड्या पाण्याचा आहे, म्हणाली,
इथे नाही जगायचा.

एका रात्री काकांनी आमच्या बोलण्यातले
आपले शब्द मोजायला घेतले.
दरवाजा, बाजार, जखम, शाबास,
बोटं संपली तरी चालूच.
नाखवा ऐकल्यावर मात्र थांबले.
नाखोदा, म्हणाले हळूच, माझे आजोबा नाखोदा होते.
मग कुणी बोलेना.
लोरेनबाईंनी विचारलं, माझा एकही नाही का?
आहे ना, आई म्हणाली. टेन्शन.

टेन्शन असायचंच.
बंदरात राखाडी जहाजं वाढली
की वरचा टीव्ही मुका व्हायचा,
चित्र चालू, आवाज बंद,
म्हणजे दोघांनाही आपापलं ऐकता येई.
अशा रात्री मंदा गच्चीत येऊन
टाकीला टेकून बसायची.
मी शेजारी. शेंगदाणे खात.

भूगोलाच्या पुस्तकात
समुद्राच्या नावावर कुणी काळी शाई फिरवलेली.
तिने पान उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.
तुम्ही काय म्हणता याला?
आखात.
कुणाचं?
कुणाचं म्हणजे? नुसतं आखात.
गावाकडे विचारतात, बाप कुठे असतो?
आखातात. झालं.

इथे लिही, म्हणाली.
मी शाईच्या डागाखाली लिहिलं, वळणदार,
आ ला काना जरा लांब.
बाईंनी वही-पुस्तक तपासताना
खूप वेळ त्या शब्दाकडे पाहिलं.
वाचता येईना, म्हणून रागवता येईना.

मग ते गेले. कुठे आधी, कोण कुणाबरोबर,
ते मला नीट सांगता येणार नाही.
कपाटात दोन रंगांचे पासपोर्ट होते,
आणि दोन्ही एकाच वेळी कुठेच चालत नसत.

गेल्या हिवाळ्यात कुवेतला गेलो,
तिच्याकडे जेवायला.
भाताची खरपुडी अख्खी सोडवली तिने,
सोनेरी, थाळीएवढी,
मोडून मोठा तुकडा माझ्याकडे आणला.
नको गं, मी म्हणालो.
डाव हवेत धरून ती थांबली.
कितवं? एवढंच विचारलं.